चाकावरची दुसरी खूण

वस्ताद, परवा माझ्या नातीनं मला विचारलं, की जिथं दुकान नाही, दुसरा मिस्त्री नाही, हाक मारली तर ऐकायला कोणी नाही, तिथं यंत्र बंद पडलं तर माणसानं काय करावं. मी म्हणालो, मला काय विचारतेस, मी सातवी नापास माणूस. पण उत्तर मला माहीत होतं. ते उत्तर म्हणजे तुम्ही होता, विहिरींवरची डिझेल इंजिनं चालू ठेवणारे, आणि तुमची आठवण आली की मला राग येतो. उद्या सकाळच्या गाडीनं ती पुण्याला परत जाणार आहे आणि एक गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. ती सांगावी की नाही हे मला कळत नाही, म्हणून दार लोटून, चष्मा दोनदा पुसून, तिच्याच वहीतली मागची पानं घेऊन बसलो आहे. तुम्ही जाऊन चाळीस उन्हाळे होऊन गेले. एवढ्या वर्षांत तुम्हाला मनातल्या मनात शिव्या पुष्कळ दिल्या, कागदावर काही लिहिलं नाही. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही म्हणायचात, "तुझं अक्षर म्हंजे कोंबडी ग्रीसमधून चालत गेल्ती."

नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. मुलगी भोकरदनला दिली आहे. तुम्ही तिला रांगताना पाहिलं होतं, तुमच्या पिशवीतला पान्हा तोंडात घालायची तीच. तिची ही पोर इंजिनिअर झाली आणि आता पुण्याला आणखी पुढचं शिकते. अभ्यास काय, तर माणसं यानात बसून मंगळाकडे निघाली, नुसतं जायलाच सात-आठ महिने, तर वाटेत यंत्रं बिघडतील ती कोणी आणि कशी दुरुस्त करायची. मला आधी वाटलं पोरगी चेष्टा करते आहे. मग तिनं फोनवर चित्रं दाखवली. वस्ताद, तुम्हाला ते बघायला मिळायला पाहिजे होतं. एवढ्याशा जागेत नळ्याच नळ्या, पंखे, पंप. माणसांचा घाम आणि लघवी गाळून त्याचं पुन्हा प्यायचं पाणी करणारं एक यंत्र आहे. श्वासानं खराब झालेली हवा साफ करणारं दुसरं आहे. ती म्हणाली, पृथ्वीच्या जवळ जे घर फिरत असतं तिथं खालून सामान नेता येतं, फारच अडचण आली तर माणसं काही तासांत उतरून येतात. लांबच्या वाटेला लागल्यावर तसं नाही. अध्येमध्ये फिरता येत नाही, आणि जे घेऊन निघालात तेवढंच तुमचं.

मी विचारलं, "मंग खाली विचारायचं की, असं असं झालंय म्हणून."

"विचारता येतं आजोबा, पण फार लांब गेल्यावर इथं आवाज पोचायलाच कधी कधी वीस मिनिटं लागतात. आपलं उत्तर जायला आणखी वीस."

"तवर माणूस वर जाईल की गं."

"वर तर तो गेलेलाच असतो," ती म्हणाली आणि हसत सुटली. मीही हसलो, पण त्या दिवसापासून मला त्या माणसांची काळजी लागली आहे. अजून कोणी निघालेलंसुद्धा नाही, निघायला पुष्कळ वर्षं आहेत असं ती सांगते, तरी गॅसचं बटण बंद आहे का हे बघायला मी उठतो तेव्हा ती माणसं मनात येतात. सगळे झोपले तर हवेच्या यंत्राचा आवाज कोण ऐकत बसेल? आवाज बदलला तर ओळखणारा कोण? तुम्ही म्हणायचात, इंजिन बिघडायच्या आधी आठ दिवस बोलत असतं, माणूसच बहिरा असतो. हे मी तिला सांगितलं तर तिनं लगेच वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घेईल असं मला या जन्मात वाटलं नव्हतं.

तिला असे लोक हवे होते ज्यांनी दुकानापासून लांब, हातातल्या चार वस्तूंवर यंत्रं चालू ठेवली. तिच्या बरोबरची मुलं कोणी जहाजावरच्या माणसांकडे गेली, कोणी आणखी कुठं. ती म्हणाली, माझे आजोबा घरातच आहेत. मग मी तिला तुमची खाकी पिशवी दाखवली. तुमच्या माघारी तुमच्या घरच्या मावशींनी ती मला दिली होती. ती अजून खुंटीला आहे. चार पान्हे, हातोडी, छिन्नी, टोच्या, तांब्याची तार, ट्यूबचा तुकडा, वहीचा जाड पुठ्ठा आणि अंगाच्या साबणाची अर्धी वडी. साबण बघून ती म्हणाली, हे हात धुवायला का? मी म्हणालो, माय, हात कोण धुतंय, डिझेलची टाकी गळायला लागली की साबण चोळून भोक बुजवायचं, डिझेलमध्ये साबण विरघळत नाही. पुठ्ठा इंजिनाच्या तोंडावर ठेवून कडेकडेनं हातोडीनं ठोकायचा, की बराबर त्या मापाचं गॅसकेट कापून निघतं. ती म्हणाली, तिथं लागेल ती वस्तू छापून काढायचं यंत्र नेणार आहेत. मी म्हणालो, आणि ते यंत्र बिघडलं तर? ती म्हणाली, आजोबा, आमच्या सरांनी हाच प्रश्न विचारला होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग तिनं सांगितलं की तिथं वस्तू खाली पडत नाही. हातातून पान्हा सुटला तर तरंगत निघून जातो आणि भलत्याच पंख्यात जाऊन अडकतो, म्हणून ते लोक प्रत्येक अवजार दोरीनं स्वतःला बांधून घेतात. तेव्हा मला जाफराबादच्या पुढची ती धनगरवस्ती आठवली. विहिरीच्या काठावर इंजिन, त्याला एवढीशी जागा, मी तुमच्याकडे लागून वर्ष झालेलं, माझं लग्न झालेलं, पहिलं मूल पाळण्यात. माझ्या हातून नट सुटला आणि विहिरीत गेला. तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "उतर."

"वस्ताद, पिशवीत तसलाच दुसरा हाय ना?"

"तो दुसऱ्या गावासाठी हाय. तुझ्या बोटासाठी न्हाई. उतर म्हन्लं ना."

विहिरीला तेव्हा गुडघाभर पाणी आणि त्याखाली कमरेएवढा गाळ. वर मेंढ्या हाकणारी माणसं काठाला बसून मजा बघत होती. एक म्हातारा वरून ओरडला, "मिस्त्री, मासे घावले तं आमाला बी द्या!" मी उन्हं कलेपर्यंत गाळ चाळत होतो. नट सापडला. वर आलो तेव्हा तुम्ही सुतळीचा तोडा घेतलात, एक टोक पान्ह्याला आणि दुसरं माझ्या मनगटाला बांधलंत. तो म्हातारा पुन्हा म्हणाला, "वस्तादानं गडी दाव्याला बांधला." सगळे हसले, तुम्हीसुद्धा. त्या दिवसापासून माझ्या हातून विहिरीत काही पडलं नाही. हा तुमचा गुण मी नाकारत नाही. सुतळी मी आजही बांधतो. नातीनं तिचा फोटो काढला आणि म्हणाली, हेच, अगदी हेच.

पण तिला जे सांगितलं नाही ते चहाचं.

पंधरा वर्षं मी तुमच्याबरोबर इंजिनं उघडली. रिंगा बदलायला शिकवलंत, व्हॉल्व्ह घासायला शिकवलंत, बेअरिंगला हात लावून ताप कसा बघायचा ते शिकवलंत. खोलायच्या आधी झाकायचं कसं ते ठरव, हे तर इतक्या वेळा ऐकवलंत की माझी बायको स्वयंपाकघरात डबा उघडताना तेच म्हणायची. पण सगळं जोडून झालं, शेवटी डिझेलच्या पंपाचं टायमिंग तेवढं राहिलं, की तुम्ही हात पुसायचात. "जा, वस्तीवरून चहा घेऊन ये. आलं टाकायला लाव." आलं टाकायचं म्हणजे वेळ लागतो. शेतातून वस्ती लांब, तिथं कोणाची तरी चूल पेटायची, आलं कुटायचं, मी किटली फडक्यात गुंडाळून अर्ध्या वाटेत येतो न येतो तोच लांबून फट्-फट्-फट् ऐकू यायचं आणि झाडांच्या वर धुराचे गोळे दिसायचे. इंजिन चालू. तुम्ही धोतराला हात पुसत उभे. मी चहा पुढं केला की म्हणायचात, "ठेव तिथं." तो चहा तुम्ही कधी प्यायला नाहीत, वस्ताद. पंधरा वर्षांत एकदाही नाही. शेवटी तो पाटाच्या कडेला ओतून मीच किटली धुऊन परत द्यायचो.

एकदा मी अर्ध्यातून मागं फिरलो. बाभळीच्या आडोशाला उभा राहिलो. तुम्ही इंजिनाच्या जड चाकाला हात लावून नुसते बसून राहिलात. किती वेळ, कोण जाणे. माझ्या पायाला मुंग्या आल्या. शेवटी मान न वळवता मोठ्यानं म्हणालात, "बाभळीला चहा लागत न्हाई. तू जा." मी गेलो. घरी बायको विचारायची, "इतकी वर्सं झाली, तुमी मिस्त्री हायेत का चहावाले?" मी तिच्यावर ओरडायचो. तुमच्यावर ओरडायची माझी हिंमत नव्हती.

मग तो वैशाख आला. टेंभुर्णीच्या बाजूला ज्यांची मोसंबीची बाग होती त्यांचं इंजिन आपण उघडलं होतं. माझ्या आठवणीतली ती सगळ्यात देखणी बाग, आंबे बहाराची फळं लिंबाएवढी झालेली, पानं काळीभोर. दोन दिवसांत सगळं जोडलं, डिझेलचा नवा पंप बसवला, फक्त टायमिंग उरलं. ऊन फार होतं म्हणून तुम्ही म्हणालात, उद्या सकाळी थंड वेळेला लावू. दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर जीपची वाट बघता बघता तुम्ही पिशवी मांडीवर घेऊन खाली बसलात, आणि उठला नाहीत. मी शेजारीच होतो. मला वाटलं उन्हानं घेरी आली. मी पाणी आणायला धावलो. शेवटच्या घटकेलासुद्धा मी काहीतरी आणायलाच गेलो होतो, बघा.

राख सावडून झाली आणि चौथ्या दिवशी बागेचे मालक दारात आले. चांगला माणूस. खाली मान घालून म्हणाले, "वस्ताद गेले, वाईट झालं. पण बागेला हे कसं सांगू? शेजारच्या विहिरी आटल्यात. पाणी मह्या विहिरीत हाय अन् वर येऊन न्हाई राह्यलं." मी पिशवी खांद्याला लावून गेलो. पंपाला खालून एक स्क्रू असतो, तो वरखाली केला की डिझेल लवकर किंवा उशिरा सुटतं, एवढं मला माहीत होतं. चाकाच्या कडेवर एक खूण असते, तिच्याशी ते जुळवायचं असतं, हेही कोणाकोणाच्या बोलण्यातून कळलं होतं. खूण ठसठशीत होती. मी तिच्याशी जुळवलं. हँडल मारलं, इंजिन धाडधाड वाजलं आणि बसलं. पुन्हा जुळवलं. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी मालकांचे भाऊ, चुलते, सगळी वस्ती जमली. मी पुन्हा त्याच खुणेशी जुळवलं, मला दुसरं काही येतच नव्हतं. चौथ्या दिवशी हँडल मारलं तेव्हा चाक उलटं फिरलं, हँडलचा फटका बसला आणि माझ्या उजव्या मनगटाची दोन हाडं मोडली. मी जमिनीवर पडलो होतो आणि मालक माझ्या डोक्याशी उभे राहून, ओरडून नाही, अगदी हळू म्हणाले, "वस्तादासंगं तुहे हात बी जळाले का रे?"

जालन्याहून मिस्त्री आणायला पुढं बारा-तेरा दिवस गेले. लग्नसराई, त्याच्या हातात आधीचीच कामं. तो आला तेव्हा फळांचा सडा पडला होता आणि झाडं शेंड्याकडून वाळत चालली होती. माझा हात गळ्यात. तरी मी गेलो, म्हटलं निदान बघू तरी. त्यानं पंपाला हात घालण्यापूर्वी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, जरा चहाचं बघा की." मी गेलो. गळ्यात हात घेऊन मी डाव्या हातानं किटली आणली. इंजिन चालू झालेलं होतं. त्या पावसाळ्यानंतर मालकांनी अर्धी झाडं तोडली, आणि पुढची दोन वर्षं त्या भागात मला कोणी इंजिनाला हात लावू दिला नाही. बोलवायचे, पण ओझं उचलायला.

आता ऐका. पुढं शेतात वीज आली, इंजिनं अडगळीत गेली. मी जळालेल्या मोटारींत नवी तार भरायला शिकलो, पोट भरलं. मालकांनी ते इंजिन मोडीत काढलं तेव्हा मी ते मागून घेतलं आणि बैलगाडीत घालून घरी आणलं. का आणलं ते मला सांगता येणार नाही. अंगणात कडुलिंबाखाली ठेवलं. एका दुपारी डिझेल आणि चिंध्या घेऊन ते साफ करायला बसलो, आणि चाकाच्या आतल्या अंगाला, जिथं कोणी हात घालत नाही, तिथं काजळी आणि ग्रीसचा जाड थर होता. तो खरवडला तर खाली टोच्यानं मारलेले तीन ठिपके. एका ओळीत. टोच्या तुमचा, ठोकण्याची पद्धत तुमची, मी अंधारातसुद्धा ओळखली असती. मग मला कधीतरी ऐकलेलं आठवलं, त्या इंजिनाचं एक चाक फुटलं होतं आणि माझ्या आधीच्या काळात तुम्ही दुसऱ्या इंजिनाचं चाक आणून बसवलं होतं. म्हणजे बाहेरची ठसठशीत खूण त्या दुसऱ्या इंजिनाची. या इंजिनाला ती खोटी. खरी खूण तुम्ही आतून मारलीत आणि वर ग्रीस फासलंत. थेंबाची रीत तोवर माझ्या कानावर आली होती; मी पंपाच्या नळीचं तोंड सोडलं, तोंडाशी डिझेलचा थेंब फुगू दिला, चाक हळूहळू फिरवलं. थेंब हलला तिथं थांबलो. तीन ठिपके बराबर समोर आले. बस, एवढंच. चहा आटायलासुद्धा जास्त वेळ लागतो. तीन ठिपके आणि एक थेंब, त्याच्यासाठी तुम्ही मला पंधरा वर्षं वस्तीवर पाठवलंत. मी त्या दुपारी रडलो नाही. तुमच्या नावानं इतक्या शिव्या दिल्या की शेजारीण भिंतीवरून डोकावून गेली.

त्याच इंजिनावर नात काल काम करत होती. तिला एक पूर्ण काम चित्रित करायचं होतं, पहिल्या नटापासून इंजिन चालू होईपर्यंत, आणि मी प्रत्येक गोष्ट बोलत बोलत करायची. फोन एका तिपाईवर लावला होता. सकाळपासून आम्ही लिंबाखाली होतो. तिनं हातानं गॅसकेट ठोकून कापलं. तिच्या नाकाला ग्रीस लागलं, मी पुसायला गेलो तर आणखी फासलं. मनगटाला सुतळी बांधून घेतली. मधेच ती मला म्हणाली, "आजोबा, आमच्यात एक गोष्ट पक्की आहे. ज्याच्या जागी दुसरा नाही असा एकही माणूस यानात चालत नाही. प्रत्येक काम निदान दोघांना आलं पाहिजे आणि लिहिलेलंही पाहिजे. एकाच माणसाला येणारं काम म्हणजे स्पेअर नसलेला पार्ट."

मी विचारलं, "अन् एखाद्यानं दडवून ठिवलं तं?"

"कशाला दडवेल? तो स्वतःही त्याच यानात असतो ना."

मी पुढचा नट पिळायला घेतला. मनगट दुखायला लागलं, ढग आले की दुखतं, पण काल ढग नव्हते.

पंप बसवून झाला. टायमिंग उरलं. वस्ताद, मी तुम्हाला काय झालं ते जसंच्या तसं सांगतो. मी हात पुसले. आणि माझ्या तोंडातून शब्द निघाले, "माय, जरा चहा टाकून आण. आलं कुटून घाल." ती म्हणाली, "फोन चालू राहू दे, मी आलेच." ती आत गेली. मी फोनकडे पाठ केली. चिंधीनं आतलं ग्रीस पुसलं, ठिपके बघितले, थेंब बघितला, स्क्रू लावला, आणि ग्रीसच्या डब्यात बोट घालून ठिपके पुन्हा बुजवले. मग सावकाश, डाव्या हाताचा जोर देऊन हँडल मारलं. पहिल्या झटक्याला चालू. ती कप हातात घेऊन धावत आली, चहा तिच्या बोटांवर सांडला, तरी उड्या मारत होती.

दिवस मावळायच्या वेळेला ती ओट्यावर बसून ते चित्रीकरण बघत होती. एकदम तिचा अंगठा थांबला. "आजोबा, इथं नुसती तुमची पाठ दिसते."

"जागाच तशी अवघड हाय ती."

तिनं मागं नेऊन पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तुमच्यासारखंच बघते ती, समोरच्याचा नट ढिला आहे हे कळल्यावर बोलत नाही. म्हणाली, "बरं. उद्या आईकडून आले की तेवढं परत करू. मी चहाला उठणार नाही." हसून म्हणाली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. आज सकाळच्या जीपनं ती भोकरदनला आईला भेटायला गेली आहे. चारपर्यंत येते म्हणाली. साडेतीन वाजून गेलेत. दोन वेळा फाटकापर्यंत जाऊन आलो. रस्त्याचं काम चालू आहे, जीपवाले गाडी दामटतात, पोहोचली की फोन कर म्हटलं होतं, केलेला नाही.

मी असं का केलं याचा विचार कालपासून करतो आहे. ती दोन दिवाळ्या आली नव्हती, वस्ताद. तिचा हा अभ्यास सुरू झाला आणि वर्षभरात चार वेळा आली. दर रविवारी फोन करते, आजोबा असं असेल तर, आजोबा तसं असेल तर. तिची आजी गेल्यापासून या घरात मला कोणी काही विचारलेलं नाही. पोरगा संभाजीनगरला, तो विचारतो गोळ्या घेतल्या का, बस. हे तीन ठिपके म्हणजे माझ्याकडचं शेवटचं. ते दिलं की तिच्या वहीत माझं पान संपलं. पंधरा वर्षं तुम्हीही असंच काही मोजत होता का? मूल तुम्हाला नव्हतं. मला टायमिंग आलं असतं तर दुसऱ्याच दिवशी मी वेगळी पिशवी शिवली असती, हे तुम्हाला कळत होतं आणि मलाही कळतं. जाफराबादच्या बाजारात लोकांनी तुमच्या डोक्यावरून मला हाक मारली असती. पण म्हणून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. तुमच्या भीतीनं एक बाग वाळली आणि माझं मनगट पुन्हा सरळ झालं नाही. माझ्या भीतीनं काय वाळेल ते मला दिसत नाही, एवढाच फरक. कुठं तरी लांब, अंधारात, चार माणसं एका बंद पंपाभोवती बसलेली मला दिसतात, आणि ज्याला येत होतं तो जागेवर नाही. इंजिन ते नाही, ठिपके ते नाहीत, हे मलाही समजतं. तरी ती दिसतात.

हे पत्र पाठवायचं कुठं? तुमच्याच पिशवीत ठेवतो, साबणाच्या वडीखाली. ठरवलं असं आहे की ती आली की आधी चाक पुसायचं आणि तिचं बोट धरून त्या ठिपक्यांवर ठेवायचं. पण माझा मला भरवसा नाही, कारण ग्रीसचा डबा मी सकाळीच भरून इंजिनाशेजारी नेऊन ठेवला आहे.

आणि एक राहिलं. काल तिनं चहा आणला, बोट भाजलेलं, तरी कप पुढं केला. मी म्हणालो, ठेव तिथं. आत्ता फाटकाकडे जाताना बघितलं, कप तसाच लिंबाखाली आहे, मुंग्या लागल्यात. मला चहा नको होता, वस्ताद.